राजाक्कांचं गंगावन

मिरजेच्या त्या दवाखान्यात राजाक्का पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांनी डोक्याला स्कार्फ इतका घट्ट बांधला होता की डॉक्टरांना वाटलं, बाईंना दातदुखी आहे.

"दाढ दुखतेय का?" त्यांनी विचारलं.

"दाढा शाबूत आहेत हो. वरचं शेत उजाड झालंय."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांचे यजमान अण्णासाहेब चौगुले बसले होते. जयसिंगपुरात धाकट्या भावाबरोबर कापडाचं दुकान, आणि दुकानापेक्षा जिभेचा धंदा जोरात. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच समजवा हिला. आमचे मुनी महाराज स्वतःच्या हातानं केस उपटून टाकतात, आणि ही त्रेसष्टाव्या वर्षी लावून घ्यायला निघालीय! उद्या बस्तीत देवदर्शनाला जाऊन तोंड कसं दाखवणार?"

"तोंडच दाखवणार आहे. डोकं दाखवायची सोय राहिली नाही म्हणून तर इथं आलेय," राजाक्का म्हणाल्या, आणि स्कार्फ सोडला.

खरं सांगायचं तर अण्णांची ही सगळी बडबड वरवरची होती. राजाक्कांना बघायला गेले तेव्हा त्या चहाचा ट्रे ठेवून आत वळल्या, आणि अण्णांनी पाठीवरची ती वेणी पाहिली. गुडघ्यापर्यंत. सरळ, काळीभोर, हातात धरली तर वजन कळेल अशी. चहा तसाच राहिला आणि स्थळ पक्कं झालं. सासरी आल्यावर न्हाणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम असायचं. दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं धरलं आणि उशीवर, फणीत, ताटात, जिथं तिथं केसच केस. वयानं आधीच विरळ झालेले, त्यात हे. आरशात कपाळ कुठं संपतं ते कळेना. राजाक्का रडल्या नाहीत, पण लग्नाकार्याला जायचं त्यांनी बंद केलं. ते बघून चंदनानंच ही दवाखान्याची वेळ ठरवली.

चंदना म्हणजे धाकट्या दिरांची, सुकुमारभावजींची लेक. कोल्हापुरात नोकरी करायची, शनिवार-रविवार घरी. तिची आई त्रिशला साथीच्या त्या भयंकर वर्षी गेली. अवघी एकोणतीस वर्षांची. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. आलं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, आणि तेही घरी नाही, परस्पर स्मशानात. कुणाला तोंड बघायला मिळालं नाही. चंदना तेव्हा फ्रॉकात होती. राजाक्कांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पोरीला पदराखाली घेतलं, आणि ती त्यांना 'मोठी आई' म्हणू लागली. सुकुमारभावजींनी दुसरं लग्न केलं नाही. बायकोचे फोटो, व्हिडिओ सगळं त्यांनी कुठंतरी कुलपात घातलं आणि त्यानंतर तिचं नावही कधी तोंडून काढलं नाही. दोन्ही वेळचं जेवण मात्र वहिनींच्या हातचं. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत ताटं वाढलेली असायची, आणि शेजारी राहणाऱ्या भावजींची पावलं बरोबर त्या वेळेला दारात वाजायची.

डॉक्टर इनामदार तसे तरुणच, पण समजावून सांगायची हौस दांडगी. म्हणाले, "आजी, टक्कल पडतं म्हणजे केसाचं मूळ मरत नाही, ते झोपी जातं. आकसून बसतं. मुळाच्या बाजूला काही पेशी असतात, त्यांच्यात नवा केस घडवायची ताकद असते, पण केव्हा आणि कसा घडवायचा हे त्या विसरून जातात. आधीची औषधं म्हणजे नुसतं खत. घातलं की उगवायचं, थांबवलं की पुन्हा माळरान. आम्ही खत घालत नाही, आठवण घालतो."

"आठवण?"

"तुमच्या तरुणपणीच्या केसाच्या मुळात त्या वेळचा ठसा असतो. किती जाड व्हायचं, किती वाढायचं, सरळ राहायचं की वळायचं, सगळं. तो ठसा आमचं यंत्र वाचतं आणि त्याची नक्कल करणारे रेणू बनवतं. म्हणजे निरोपेच म्हणा. ते चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून डोक्याच्या कातडीत टोचायचे. झोपलेल्या पेशी निरोप वाचतात आणि कामाला लागतात. काही महिन्यांनी ठसा त्यांच्यात कायमचा उमटतो, मग औषधाचीही गरज राहत नाही." इथं डॉक्टर जरा थांबले. "अडचण एवढीच, की त्यासाठी जुना केस लागतो. कापलेला चालत नाही, मुळासकट गळालेला हवा. तो कुणी जपून ठेवत नाही. म्हणून दहातल्या नऊ जणांना मी परत पाठवतो."

राजाक्कांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी राजाक्कांकडे.

"गंगावन!" दोघं एकदमच म्हणाले.

आता गंगावन म्हणजे काय, हे त्या डॉक्टरला सांगता सांगता राजाक्कांना हसू आवरेना. केस विंचरल्यावर फणीत जो गुंता येतो ते गुंतवळ. त्यांच्या सासूबाईंचा दंडक होता की गुंतवळ फेकायचं नाही आणि दारावर येणाऱ्या भांडीवालीला तर मुळीच द्यायचं नाही. न्हाणीघराबाहेर खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असायची, तिच्यात टाकायचं. पिशवी भरली की मिरजेच्या एका म्हातारीकडून सासूबाईंनी त्याचं गंगावन बांधून घेतलं. वेणीत गुंफायची ती केसांची जुडी. "घरचे केस घरात राहू देत," असं त्या म्हणायच्या. सणावाराला राजाक्का ते लावायच्या. म्हणजे गरज म्हणून नव्हे, मिरवायला म्हणून.

"आणि ते अजून आहे?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते.

"ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात."

झालं. गंगावन मिरजेला पोचलं, तपासणी झाली, आणि राजाक्कांचं टोचणं सुरू झालं. डोक्याला आधी बधिर करणारं मलम, मग एक टोपीसारखं यंत्र, त्याला आतून बारीक बारीक सुया. मशीन टिकटिक करत टाळूभर फिरायचं. दुखायचं कमी, ठणकायचं जास्त. घरी परतताना अण्णा गाडीत म्हणायचे, "काय गं, पेरणी झाली का? आता पावसाचं बघू या." राजाक्का त्यांना चिमटा काढायच्या.

पेरणी उगवली. आधी लव, मग बोटभर, मग चांगले कानापर्यंत. पण केस जसे वर आले तसे ते वळायला लागले. राजाक्का रोज तेल लावून चापूनचोपून बसवायच्या, आणि तास-दोन तासांत ते उठून उभे. कानाशी गोल, मानेवर गोल, कपाळावर एक बट अशी हट्टी की मागं सारली की पुढं. आणि रंग पांढरा. पिकल्या कापसासारखा पांढराशुभ्र.

"काळं करायचं इंजेक्शन शेवटी देणार म्हणालेत," राजाक्का म्हणाल्या, "पण हे कुरळं काय प्रकरण आहे?"

अण्णांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. ते नुसते बघत राहिले आणि मग दुकानाला जायचंय म्हणून उठले.

उलगडा झाला तो शनिवारी. राजाक्का स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. चंदना कोल्हापूरहून आली, दारात थबकली, आणि पिशवी खाली टाकून मागूनच तिनं दोन्ही हात त्यांच्या केसांत घातले. मोकळेपणानं रडायला लागली.

"अगं, काय झालं? पीठ लागेल, बाजूला हो."

"मोठी आई, हे आईचे केस आहेत."

आणि राजाक्कांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पोरीला लहानपणचं दुसरं काही आठवत नव्हतं. आईच्या कडेवर बसून कुरळ्या बटेत बोट अडकवून झोपायची, तेवढं मात्र बोटांना आठवत होतं. फोटोत केस दिसले असते, तरी हाताला लागले नसते.

त्याच वेळी सुकुमारभावजी जेवायला आले. वहिनींकडे बघून ते दारातच उभे राहिले. चेहरा उतरला. "मला आज भूक नाही," एवढंच म्हणाले आणि वळले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानातला पोरगा डबा न्यायला आला. इतक्या वर्षांत कधी घडलं नव्हतं ते घडलं, भावजींचं ताट घरातून उठलं.

राजाक्का तडक मिरजेला गेल्या. डॉक्टरांनी गंगावन मागवलं, उलगडलं, यंत्राखाली घातलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आजी, वरचे सरळ केस तुमचे आहेत. त्यातल्या एकावरून आम्ही तुमची ओळख पटवली. ठसा मात्र आतल्या जुडीतून घेतला, कारण तिथली मुळं चांगली टिकली होती. ते केस तुमचे नाहीत." ते अगदी ओशाळले होते. "पण तुम्ही तर म्हणालात, विकतचं नाही, घरचं आहे."

"घरचंच आहे," राजाक्का म्हणाल्या. "घरात सुना दोन होत्या."

दोघी जावांचं गुंतवळ एकाच पिशवीत पडायचं. त्या बांधणाऱ्या म्हातारीनं कुरळे केस पोटात घातले आणि सरळ वरून गुंडाळले, दिसायला झाक यावी म्हणून. त्रिशलाचे स्वतःचेच केस एवढे दाट की तिला गंगावन कधी लागलं नाही. ते राजाक्कांच्याच वेणीत राहिलं, आणि होता होता त्यांचंच होऊन गेलं. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

"पण मग पांढरे का? ती गेली तेव्हा एक केस पिकला नव्हता तिचा."

"ठसा आकाराचा. रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या तुमच्याच, थकलेल्या. वळण त्यांचं, वय तुमचं." डॉक्टरांनी घसा साफ केला. "अजून वेळ गेलेली नाही. याला उतारा आहे. एक इंजेक्शन देऊन हा ठसा पुसायचा, मग वरच्या केसांवरून तुमचा घालायचा. दिवाळीपर्यंत तुमचे सरळ काळेभोर केस यायला लागतील. पण हे याच पंधरवड्यात व्हायला हवं. एकदा ठसा पक्का बसला की मग तो पुसत नाही, आणि तुमचाही कधीच घालता येणार नाही. आयुष्यभर हेच."

"मग द्या की उतारा," राजाक्का म्हणाल्या. बुधवार ठरला.

चंदनाला कळलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "मोठी आई, नको ना गं! काय वाईट दिसतात? उलट सुंदर दिसतात!"

"सुंदर दिसतात, पण माझे नाहीत. आरशात बघते तर दुसरीच बाई. आणि तुझे पप्पा? त्यांना माझ्या दारात यायचं होईना. माणूस दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून गार भाकरी खातोय. ते बरं दिसतं?"

"पप्पा माझ्याशी आईबद्दल एक शब्द कधी बोललेले नाहीत. एवढं एकच मला हाताला लागलं..."

"आणि मला माझं म्हणून काही नको का गं?" राजाक्कांचा आवाज चढला, आणि मग एकदम फुटला. "माझेही होते ना केस. अख्खं जयसिंगपूर वळून बघायचं. मरायच्या आधी एकदा ती वेणी पाठीवर पडावी असं मला वाटलं तर काय चुकलं?"

चंदनानं मोठ्या आईला मिठी मारली.

त्या दिवसांत राजाक्कांना सारखी त्रिशला आठवायची. शुक्रवारी दोघी जावा न्हाऊन गच्चीवर केस वाळवायला बसायच्या. त्रिशला शिकेकाईनं डोळे चुरचुरतात म्हणून रडायची आणि रडतारडता हसायची. "आक्का, तुमचे केस म्हणजे शहाणी सून, सांगितलं तसे राहतात. माझे म्हणजे माहेरवाशीण, कुणाचं ऐकत नाहीत." राजाक्का तिचा गुंता सोडवून द्यायच्या. टोकाकडून हळूहळू वर जायचं, नाहीतर बया किंचाळायची. आता आरशापुढं बसून तोच गुंता त्या टोकाकडून सोडवत होत्या. हात आपणहून तसाच चालायचा. गुंता सुटला की डोळे भरून यायचे, आणि स्वतःचाच राग यायचा. केस काढून टाकायचेत, मग एवढी माया कशाला?

बुधवार उजाडला. अण्णा गाडी फाटकाशी घेऊन उभे होते. चंदनानं रजा काढली होती. "शेवटचं विंचरू दे," म्हणून तिनं मोठ्या आईला बाहेरच्या सोप्यात पाटावर बसवलं होतं. ऊन तिरकं येत होतं. पांढऱ्या बटा मोकळ्या सोडलेल्या.

फाटकातून सुकुमारभावजी आत आले. हातात रिकामा डबा. पायरीशीच थांबले.

राजाक्कांनी घाईघाईनं केस मुठीत धरले. "आजच जातेय भावजी, मिरजेला. संध्याकाळपासून जेवायला या. सगळं पहिल्यासारखं होईल."

"राहू द्या, वहिनी. सोडा केस." ते पायरीवर बसले, पाठ भिंतीला टेकून. मग म्हणाले, "मी रागावून गेलो नव्हतो. घाबरून गेलो."

"माझ्यामुळं?"

"कसं सांगू? ती एकोणतिसाची गेली. स्वप्नात यायची, ती तशीच यायची. मी इकडं पिकत चाललो, गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि ती तश्शीच. मध्यंतरी एकदा आली, तर मला वाटलं चंदनाच आली. लाज वाटली हो, वहिनी. आपलीच बायको, आणि आपल्याला लेकीएवढी दिसायला लागली. त्यानंतर मी तिला आठवायचंच सोडून दिलं. आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही पाठमोऱ्या..." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मला वाटलं, आली. बरोबरीनं म्हातारी होऊन आली. एवढी वर्षं मी एकटाच म्हातारा होत नव्हतो."

चंदनाचा फणीचा हात थांबला होता.

"तुम्ही जा मिरजेला," भावजी म्हणाले. "तुमचे केस तुम्हाला मिळायला पाहिजेत. मला बघायचं होतं, ते माझं बघून झालं." आणि असं म्हणत ते बघतच होते. बघता बघता त्यांच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "चंदना, भांग बघ की तिचा. म्हातारी झाली, पण भांग अजून वाकडाच."

"पप्पा," चंदना अगदी हळू म्हणाली, "आईचा भांग वाकडा पडायचा?"

"वाकडा? अगं, लग्नात कुंकू भरायचं तर मला भांगच सापडेना! पंडित खोळंबले, पाहुणे हसायला लागले, आणि ही पदराआडनं मला म्हणते कशी, जरा डावीकडं, जरा डावीकडं, अहो, तुमचं डावीकडं..." आणि सुकुमारभावजी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून धारा, आणि धारांतून पुन्हा हसू. चंदना फणी हातात घेऊनच पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "पुढं? मग पुढं काय झालं?"

राजाक्का उठल्या. केस तसेच मोकळे. फाटकाशी गेल्या.

"चला की आता! डॉक्टर वाट बघत असतील," अण्णा म्हणाले.

"गाडी आत घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे जायचं नाही. डॉक्टरांना कळवा."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावरून सोप्याकडं पाहिलं. धाकट्या भावाला असं हसताना त्यांनी साथीच्या त्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तुझे केस गं?"

"माझे तुम्ही चांगले डोळे भरून बघितलेत," राजाक्का म्हणाल्या. "तिचे मात्र कुणालाच डोळे भरून बघायला मिळाले नव्हते."

अण्णांनी गाडी आत लावली, आणि मग जरा वेळ फाटकाशीच उभे राहिले.